वाकडा आरसा, पुरेशी रेंज

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया प्रयोगशाळा उभी राहते आहे. केंद्राने 2016 साली तिला तत्त्वतः मान्यता दिली, 2023 साली सुमारे 2,600 कोटी रुपये मंजूर केले. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या या यंत्राचे दोन हात प्रत्येकी 4 किलोमीटरचे असतील आणि त्यात टांगलेले आरसे. ते निर्दोष असणार, असंच आपल्याला वाटतं. पण लेसरमुळे काच मध्यभागी किंचित तापते, फुगते आणि आकार बिघडतो. अमेरिकेतल्या लायगोमध्ये म्हणून आरशाच्या कडेभोवती तापणारं कडं बसवलंय. कडा तापवायची आणि मधल्या फुगवट्याचा हिशेब चुकता करायचा!

चूक गृहीत धरून लहरी परतवण्याची ही विद्या महाराष्ट्राला जुनी आहे. पुणे जिल्ह्यात खोडदला गोविंद स्वरूप आणि टीआयएफआरच्या मंडळींनी 45 मीटर व्यासाच्या 30 रेडिओ दुर्बिणी उभ्या केल्या. एवढी भरीव ताटली वाऱ्यात पेलायची तर खर्च अवाढव्य. त्यांनी स्टीलच्या बारीक तारांची जाळी दोरखंडांवर ताणली. जाळीची भोकं मध्याजवळ 10, कडेला 20 मिलिमीटर. ही गोष्ट 'गरीब देशाचा जुगाड' म्हणून सांगितली जाते, ते मला पटत नाही. तो हिशेब होता. लहर 21 सेंटीमीटरची असेल, तर पृष्ठभाग सरासरी सेंटीमीटरभर पुढेमागे असला तरी सुमारे दोन-तृतीयांश ताकद हाती लागते. दोन मीटरच्या लहरीला तर तो फरक जाणवतही नाही.

आता हाच हिशेब मोबाइलकडे आलाय. टेकडीआड किंवा इमारतीमागे सिग्नल पोचत नसेल, तर भिंतीवर शेकडो छोट्या चकत्यांचं पॅनेल लावायचं. प्रत्येक चकती येणारी लहर थोडी मागेपुढे सरकवून परतवते, म्हणजे सगळ्यांच्या लहरी तुमच्या फोनपाशी एका तालात पोचतात. स्वस्त चकत्यांना मात्र दोनच स्थिती जमतात: लहर सरळ किंवा उलटी. त्यामुळे आदर्श पॅनेलच्या जेमतेम 40 टक्के ताकद मिळते. चार स्थिती जमल्या, तर 81 टक्के.

पण चकत्या दुप्पट केल्या की मिळणारी ताकद चौपट होते. म्हणजे दोन स्थितींचं ओबडधोबड पॅनेल दुप्पट मोठं केलं, तर ते निम्म्या आकाराच्या बिनचूक पॅनेलच्या दीडपटीहून जास्त सिग्नल देतं. खरी डोकेदुखी पुढेच: फोन खिशात घालून तुम्ही चालू लागलात, की सगळ्या चकत्या पुन्हा जुळवाव्या लागतात.