जाळीच्या विणीतील टाक्यांची घट

जाळीच्या विणीतील टाक्यांची घट ही दोन सुयांवरील लोकरीच्या विणकामातील एक प्रक्रिया आहे. तीत विणलेल्या भागाची रुंदी टप्प्याटप्प्याने कमी केली जाते. मात्र तसे करताना भोकांची नक्षी खालच्या ओळींतील नक्षीच्या नेमकी वर येत राहिली पाहिजे. स्वेटरचा मुंडा, गळा, बाहीचा वरचा भाग, टोपीचा शेंडा आणि शालीचे काठ विणताना या प्रक्रियेची गरज पडते. साध्या सुलट विणीत कडेचे दोन टाके एकत्र विणले की काम भागते. जाळीत मात्र दोन टाके एकत्र विणणे हा मूळ नक्षीचाच भाग असतो. त्यामुळे नक्षीसाठीची घट आणि आकारासाठीची घट वेगवेगळी मोजावी लागते. या दोहोंची गल्लत हे जाळीदार विणकाम बिघडण्याचे नेहमीचे कारण होय.

== तत्त्व ==

जाळीतील भोक सुईवर धाग्याचा एक वेढा घेऊन तयार होते. प्रत्येक वेढ्याने एक टाका वाढतो. हा वाढलेला टाका जवळच कुठेतरी दोन टाक्यांचा एक करून भरून काढलेला असतो, म्हणून नक्षी गुंतागुंतीची असली तरी बहुतेक वेळा ओळीतील एकूण टाके तेवढेच राहतात. वेढा आणि घट ही अशी जोडी असते. ती नेहमी शेजारी शेजारी असतेच असे नाही.

मुंड्यासाठी कडेचे टाके कमी होऊ लागले की कडेची नक्षी तुटते. जोडीतील घट नाहीशी होऊन वेढा उरला, तर कमी केलेला टाका त्याच ओळीत परत येतो आणि मुंडा उतरतच नाही. उलट वेढा जाऊन घट उरली, तर भाग अपेक्षेपेक्षा लवकर अरुंद होतो. म्हणून नियम असा की जोडी पूर्ण बसत असेल तरच ती विणावी. बसत नसेल तर ते टाके साधे विणावेत. तीन टाक्यांचा एक करणाऱ्या घटीला दोन वेढ्यांची जोड असते. त्यांपैकी एकच वेढा शिल्लक राहिल्यास तिच्या जागी दोन टाक्यांचा एक करावा लागतो.

दुसरा मुद्दा मोजणी कोठून करावी हा आहे. घट सुरू झाल्यावर कड दर काही ओळींनी सरकते, त्यामुळे कडेपासून मोजून नक्षी सुरू केल्यास ती तिरकी होत जाते. अनुभवी विणकर कडेपासून मोजत नाहीत. पहिल्या पूर्ण नक्षीच्या आरंभी सुईवर खुणेची कडी किंवा रंगीत दोऱ्याचे वेटोळे अडकवतात आणि तेथून कडेकडे उलटे मोजतात. खुणेच्या आतील भाग नेहमीप्रमाणे विणला जातो, सगळा फेरफार खुणेबाहेर होतो. बाहेरचे टाके संपले की खूण एक नक्षी आत सरकवतात.

== उदाहरण : ओल्ड शेल ==

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरील 'ओल्ड शेल' ही लाटांसारखी दिसणारी वीण हा हिशेब समजण्यास सोयीची आहे, कारण तिच्या चार ओळींपैकी एकाच ओळीत जाळी असते. तिच्या प्रचलित रूपात एक नक्षी १८ टाक्यांची असते. जाळीच्या ओळीत प्रथम तीन वेळा दोन टाके एकत्र विणतात, नंतर सहा वेळा वेढा घेऊन एक टाका सुलट विणतात आणि शेवटी पुन्हा तीन वेळा दोन टाके एकत्र विणतात. म्हणजे ६ घटी आणि ६ वेढे.

मुंड्यासाठी सुरुवातीला ४ टाके बंद केले असे समजू (कडेला साधे ठेवले जाणारे एकदोन टाके येथे धरलेले नाहीत). कडेच्या नक्षीत आता १४ टाके उरतात. पहिल्या दोन घटींचे टाके गेल्यामुळे ४ घटी राहतात, वेढे मात्र ६ आहेत. ओळ तशीच विणल्यास २ टाके वाढतील. म्हणून कडेच्या बाजूचे २ वेढे गाळून ते टाके साधे विणतात. पुढच्या साध्या ओळींत आणखी २ टाके कमी झाले की १२ टाके उरतात. त्यांत ३ घटी असल्याने वेढेही ३च घेतात. एकूण ५ टाके गेले असते, म्हणजे १३ उरले असते, तर जोडी तुटलेला कडेचा एकटा टाका साधा विणून ३ घटी व ३ वेढे हाच हिशेब राहिला असता. दुसऱ्या बाजूला हेच आरशातील प्रतिमेप्रमाणे करतात. जाळीची ओळ संपल्यावर टाके मोजणे ही साधी पडताळणी आहे : आधीच्या संख्येतून केवळ आकारासाठीची घट वजा झालेली असावी.

== शेटलंड शाली ==

शेटलंडमधील अन्स्ट हे बेट अंगठीतून आरपार जाण्याइतक्या तलम शालींसाठी प्रसिद्ध आहे. शाल विणण्याच्या तेथील एका पारंपरिक पद्धतीत बाहेरची अरुंद किनार आधी विणतात. तिच्या कडेवरून टाके उचलून काठाचे पट्टे आतल्या दिशेने विणले जातात आणि शेवटी मधला चौकोन येतो. प्रत्येक पट्टा बाहेर रुंद व आत अरुंद असतो, म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना टाके कमी करावे लागतात. येथे मोजणी पट्ट्याच्या मध्यापासून केली जाते. तसे न केल्यास कोपऱ्यावर भेटणाऱ्या दोन पट्ट्यांची नक्षी जुळत नाही, आणि शाल ताणून वाळवल्यावर ही चूक अधिकच उठून दिसते.

चूक उशिरा लक्षात आल्यास उसवणे कठीण जाते. वेढे सुटले की कोणता टाका कोणत्या ओळीचा हे ओळखू येत नाही. यासाठी घट सुरू करण्यापूर्वीच्या साध्या ओळीतील सर्व टाक्यांतून वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा ओवून ठेवतात. पुढचे उसवावे लागले तरी विणकाम त्या दोऱ्यापाशी थांबते.

== कडेची घट व तिचा कल ==

दोन टाके सरळ एकत्र विणल्यास घट उजवीकडे झुकते. एक टाका न विणता उचलून, पुढचा विणून, उचललेला त्यावरून ओढून घेतल्यास ती डावीकडे झुकते. मुंडा उतरताना सुलट बाजूच्या ओळीच्या आरंभी दुसरी व शेवटी पहिली घट केल्यास घटींची रेषा कडेला समांतर जाते. कडेला एकदोन टाके साधे ठेवल्याने शिवण घालणेही सोपे होते. अगदी कडेला भोक आल्यास शिवण तेथे ओढली जाते.

== आलेख व अन्य पद्धती ==

शब्दांत लिहिलेल्या कृतीवरून तुटलेल्या जोड्या ओळखणे अवघड असते. चौकटींच्या आलेखावर मुंड्याची रेषा पेन्सिलीने आखली की त्या लगेच दिसतात. इंग्रजी वाचकांमध्ये आलेखांचा वापर रूढ होण्यात अमेरिकन लेखिका बार्बरा वॉकर यांच्या १९७२ सालच्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे.

नक्षी तोडायचीच नसेल तर घट तिच्या आतच केली जाते. उदाहरणार्थ, १० टाक्यांची नक्षी ठरावीक उंचीनंतर ८ टाक्यांची करणे. घेरदार झगे व गोल खांद्याचे स्वेटर यांत ही रीत चालते, पण त्यासाठी नक्षीची दोन्ही रूपे आधीच बेतावी लागतात. एलिझाबेथ झिमरमन यांच्या गोल खांद्याच्या स्वेटरांमध्ये घट मोजक्या फेऱ्यांत एकवटलेली असते. अशा फेऱ्या साध्या ठेवल्या की त्यांच्या मधल्या पट्ट्यांतील नक्षीला हात लावावा लागत नाही. एस्टोनियातील हाप्सालू शालीत तर मधला भाग आणि किनार वेगवेगळी विणून नंतर शिवली जाते, त्यामुळे कोपऱ्यावरील घटीचा प्रश्नच येत नाही.