बंदूक, दुर्बीण आणि परसातील पाखरे

माणसाच्या अंगणात पाखरे अनादि काळापासून उतरत आली आहेत. परंतु त्यांच्याकडे नुसते पाहणे हेही ज्ञानाचे साधन आहे, ही जाणीव त्या मानाने अलीकडची. एकोणिसाव्या शतकात पक्ष्याचा अभ्यास म्हणजे प्रथम त्याची शिकार आणि मग त्याच्या कातड्याचे मोजमाप. राष्ट्रसभेच्या संस्थापकांपैकी एक, अ‍ॅलन ह्यूम, यांनी सिमल्याच्या आपल्या बंगल्यात असेच प्रचंड भांडार जमविले होते. १८८५ मध्ये ते ब्रिटिश म्युझियमला दिले गेले, तेव्हा त्यात कातडी व अंडी मिळून सुमारे ८२ हजार नमुने होते. त्या संग्रहाचे शास्त्रीय मोल निःसंशय मोठे आहे. पण कातडे पक्ष्याचा रंग सांगते, लांबी सांगते. त्याचा संसार सांगत नाही.

१८९६ मध्ये जन्मलेल्या सालिम अली यांचा प्रारंभही बंदुकीनेच झाला. नऊ-दहा वर्षांच्या या मुलाला तबेल्याच्या भिंतीतील भोकात चिमणीचे घरटे दिसले. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर खिळ्यावर. त्याने नराला टिपले. लवकरच मादीने दुसरा नर मिळविला. सात दिवसांत आठ नर पडले. मुलाने हा आपला पराक्रम वहीत लिहून ठेवला. शिकारीची म्हणून केलेली ती नोंद पुढे चिमणीच्या वर्तनाची नोंद म्हणून मोलाची ठरली. मात्र तिची किंमत आठ जीवांनी मोजली होती.

१९३० मध्ये तेच सालिम अली बर्लिनहून एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकून परतले. मुंबईच्या संग्रहालयातील त्यांची जागा पैशाअभावी रद्द झाली होती. पदवी नव्हती, नोकरी नव्हती. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीम गावी राहावयास गेले. तेथे घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्याचे महिने आडोशाला बसून त्यांनी त्या खोप्यांवर नजर ठेवली.

मराठीने या पाखराला गृहिणीचे नाव दिले आहे. खोपा विणणारा मात्र नर. तो अर्धा खोपा विणून थांबतो. मादी येते, पारखते. पसंत पडला तरच तेथे राहते आणि आतली मांडणी करते. नर खोपा पुरा करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी नवा खोपा विणावयास घेतो. १९३१ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले आणि बेकारीतील त्या पावसाळ्याने सालिम अलींना नाव मिळवून दिले. हजार कातड्यांतूनही हे रहस्य उलगडले नसते.

डोळ्याने पाहिलेले इतरांना दाखवावयाचे, तर साक्षीदार हवा. तो कॅमेऱ्याच्या रूपाने मिळाला. इंग्लंडमध्ये रिचर्ड व चेरी कीअर्टन या बंधूंनी १८९२ मध्ये अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले आणि १८९५ मध्ये अशा छायाचित्रांनी सजलेला ग्रंथ काढला. पाखरे बुजू नयेत म्हणून त्यांनी बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल करून त्यात दडून बसण्याचीही युक्ती योजिली. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आश्रयाला आलेले लोक वान थो हे सालिम अलींचे स्नेही झाले व त्यांनी पक्ष्यांची उत्तम छायाचित्रे घेतली.

आज कॅमेरा घरोघरी आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या परसातील पक्षिगणनेत २०१३ पासून भारतातील सामान्य नागरिकही सहभागी होत आहेत. परंतु कॅमेरा निर्दोष आहे असे मानून चालणार नाही. चित्रासाठी घरट्याभोवतीची पाने छाटली, की पिलांना ऊन लागते आणि कावळ्यांना वाट सापडते. बंदूक गेली तरी शिकाऱ्याची हाव उरू शकते. किहीमला उपयोगी पडले ते साधन नव्हते. पाखराला त्याचे काम करू देऊन, आपण आडोशाला स्वस्थ बसण्याचा संयम होता.