जोडबांधकामे आणि लाकडी केबिन : बारामती–इंदापूर परिसरातील परवानगी

मुख्य इमारतीपासून सुटे, पण तिच्याच आवारात उभारलेले दुय्यम बांधकाम म्हणजे जोडबांधकाम. घराच्या मागची कोठी, गाडीचे शेड, नोकरांची खोली, कारखान्याच्या फाटकावरची पहारेकऱ्याची केबिन ही त्याची नेहमीची रूपे. शेतात तेच गोठा, कडब्याची शेड किंवा पंपघर होते. पोर्टा केबिन, खोलीसारखा सजवलेला जुना मालवाहू कंटेनर आणि सुटे भाग जोडून उभे केलेले लाकडी घर हे त्यातले नवे प्रकार.

‘पत्रा आहे, पाया नाही, उद्या उचलून नेऊ, मग परवानगी कशाला?’ ही समजूत सर्रास आढळते आणि तीच लोकांना महागात पडते. नियमांतल्या इमारतीच्या व्याख्येत साहित्याला महत्त्व नाही. कोणत्याही कामासाठी, कशाचीही उभारलेली रचना ही इमारतच. समारंभापुरते घातलेले मांडव आणि शामियाने तेवढे वगळलेले आहेत. फुगणाऱ्या-भेगाळणाऱ्या काळ्या मातीत लोखंडी पायांवरची केबिन सोयीची ठरते हे खरे, पण त्यामुळे अर्ज टळत नाही.

परवानगी कोणाकडे मागायची, हे जागेवर ठरते. बारामती एमआयडीसीच्या हद्दीत नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४० नुसार औद्योगिक विकास महामंडळ हेच विशेष नियोजन प्राधिकरण आहे. ३ डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागाला लागू झालेली एकत्रित नियमावली (यूडीसीपीआर) तिथे चालत नाही. महामंडळाची स्वतःची नियमावली चालते. शिवाय भूखंड सहसा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेला असतो, त्यामुळे वाढीव शेड उभारताना नकाशाबरोबर पट्ट्याच्या अटीही पाहाव्या लागतात. कारखान्याभोवतीची सामासिक अंतराची पट्टी मोकळी दिसते म्हणून तिच्यात भंगाराची किंवा जनरेटरची शेड टाकण्याचा मोह होतो. आग लागली तर बंब त्याच पट्टीतून आत येणार असतो. ही पट्टी मोकळी ठेवण्याची अट सर्वांत काटेकोरपणे पाळली जायला हवी.

हद्दीबाहेर चित्र बदलते. बारामती आणि इंदापूर शहरांत नगरपरिषद परवानगी देते. गावठाणात ग्रामपंचायतीचा संबंध येतो. त्यापलीकडे प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात कलम १८ नुसार जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. हे दोन्ही तालुके पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) हद्दीत नाहीत, म्हणून त्या कार्यालयात खेटे घालण्याचे कारण नाही.

शेतजमिनीचा भाग सर्वांत समजून घेण्याजोगा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतली ‘शेत इमारती’ची व्याख्या उदार आहे : अवजारे, खत, वैरण आणि शेतमाल ठेवणे, जनावरे बांधणे, खातेदाराचे कुटुंब, नोकर किंवा कुळे यांनी राहणे, आणि मशागतीचा अविभाज्य भाग असलेले इतर कोणतेही काम. राहण्याचे शेतघर मात्र मोजून-मापून बांधावे लागते. यूडीसीपीआरनुसार त्यासाठी किमान ०.४ हेक्टर, म्हणजे जवळपास एक एकर जमीन लागते आणि ती प्रत्यक्ष कसलेली असावी लागते. चटईक्षेत्र निर्देशांक ०.०३७५ आणि बांधकामाची कमाल मर्यादा ४०० चौरस मीटर. चाळीस आरांवर हा हिशेब १५० चौरस मीटरचा होतो. अडीच एकरांहून थोड्या अधिक जमिनीवर ४०० ची मर्यादा गाठली जाते. त्यापुढे जमीन कितीही असली तरी घर वाढत नाही. बांधकाम तळमजल्याचेच, फार तर खाली खांबांवर मोकळी जागा. पायांवर उभ्या लाकडी केबिनला हे माप चांगले जुळते.

खरी अडचण वापर बदलला की येते. उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि पाहुण्यांचीही वर्दळ वाढते. बांधावरची केबिन त्यांना रात्रीच्या भाड्याने दिली की ती कुटुंबाच्या राहण्याची शेत इमारत उरत नाही, तो पर्यटनाचा वापर होतो. बारामती तालुक्यातल्या पळशीवाडीने कृषी पर्यटनाची वाट लवकर धरली. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले. त्याखालची नोंदणी ही एक गोष्ट आणि जमिनीवरच्या बांधकामाचे नियम ही दुसरी. दोन्ही पाहूनच लाकडाची ऑर्डर द्यावी. कऱ्हा, नीरा किंवा भीमेच्या काठी आधी पूररेषा पाहावी : नदी आणि निळी रेषा यांमधल्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, आणि हलकी केबिन पाण्यात सर्वांत आधी हलते.

अर्जासोबत सातबारा किंवा मिळकतपत्रिका, मोजणी नकाशा आणि बांधकामाचा आराखडा जोडतात. नियोजन प्राधिकरणाने ६० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर नियमांत बसणाऱ्या प्रस्तावाला परवानगी मिळाली असे नगररचना अधिनियमाचे कलम ४५ मानते. नियमांत न बसणाऱ्याला तो आधार मिळत नाही. विनापरवाना बांधकामावर कलम ५३ ची नोटीस येते आणि कलम ५२ खाली शिक्षेचीही तरतूद आहे. मिळालेली परवानगी एक वर्ष टिकते. दरवर्षी अर्ज करून ती आणखी तीन वर्षांपर्यंत वाढवता येते. तोवर काम सुरू झाले नाही, तर नव्याने अर्ज करावा लागतो.