बनावट पत्रे आणि डोंगरीचा तुरुंग

१७ जुलै १८८२. 'केसरी'चे आगरकर आणि 'मराठा'चे टिळक यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. आगरकरांना २६ वर्षे पूर्ण होऊन तीनच दिवस झाले होते. म्हणजे जवळपास माझ्याच वयाचे!

कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांचा छळ होतो, या वार्तेने लोक संतापले होते. दिवाण माधवराव बर्वे यांच्या नावची पत्रे हाती आली आणि त्यांच्या भरवशावर आरोप छापले गेले. पुढे ती पत्रे बनावट ठरली. दोघांनी माफी मागितली, तरी कारावास टळला नाही.

काळजी खोटी नव्हती. डिसेंबर १८८३ मध्ये महाराज अहमदनगरला, एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, वारले. चूक झाली ती पुरावा पारखण्यात. आगरकरांनी मात्र ते १०१ दिवस झाकून ठेवले नाहीत. त्यांवर पुस्तकच लिहिले.