शेर गेला, वाटी राहिली... आणि पोरांच्या ताटातली भाजी?

मंडळी, आज जरा मापांबद्दल. विषय साधा वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा, कारण तो आपल्या गावच्या शाळेपर्यंत जातो.

आपल्या आजी-पणजीच्या घरात दोन वेगळे शेर होते. एक वजनी, दुसरा कैली म्हणजे मापाचा. वजनी शेर ८० तोळ्यांचा, आजच्या हिशेबात साधारण ९३३ ग्रॅम. कैली शेर म्हणजे भांडं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. धान्य मापाने, गूळ आणि तूप तराजूने. पालेभाजीची मात्र जुडी नाहीतर वाटा!

त्यातही सगळीकडे एकच हिशेब नव्हता. जुना मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलोच्या आत. बंगाली मण मात्र सव्वासदतीस किलोच्या वर. नाव एक, माल तिप्पट. शिवाय माप शिगोशीग भरायचं की सपाट, यावरून भांडणं. घेताना शीग आणि देताना सपाट, यात मार कोणी खाल्ला ते सांगायला नको.

म्हणून १९५६ साली वजन-मापांचा कायदा झाला. १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले आणि काही वर्षांत शेर बाजारातून हद्दपार झाला. शब्द तेवढे उरले. आजही आपण 'पावशेर मिरच्या द्या' म्हणतो आणि घेतो २५० ग्रॅम. खरा पावशेर २३३ ग्रॅमचा!

पण चुलीपाशी तराजू कधी आलाच नाही. तिथे वाटी-चमचाच राहिला. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने तर हेच प्रमाण घरोघरी नेलं. बाजारात वजन, स्वयंपाकघरात माप. घरी हे चालतं, कारण हाताला अंदाज असतो.

आता मुद्द्यावर येतो. शाळेच्या पोषण आहाराचं प्रमाण ग्रॅममध्ये आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला ५० ग्रॅम भाजी, सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम. कागदावर एकदम स्पष्ट. पण रोज तराजू लावला जातोच असं नाही, बऱ्याचदा पाटी, पातेलं आणि डावावरच काम भागतं.

मग ५० ग्रॅम म्हणजे किती? २०० मिली पाणी मावणारी वाटी घ्या. सैलसर भरलेला चिरलेला पालक त्यात जेमतेम २५ ग्रॅम बसतो. चिरलेला कोबी ७५ ग्रॅमच्या आसपास, बटाट्याच्या फोडी साधारण १२५ ग्रॅम. म्हणजे पहिली ते पाचवीच्या ६० मुलांची ३ किलो भाजी बटाट्याची असेल तर २४ वाट्या, कोबीची ४० आणि पालकाची तब्बल १२० वाट्या! आणि तोच पालक शिजला की पातेल्याच्या तळाशी जातो.

रोज 'एक पाटी भाजी' असं ठरवलं, तर बटाट्याच्या दिवशी प्रमाण भरेल आणि पालेभाजीच्या दिवशी पोरं उपाशी नाही, पण कमी खातील. यात कोणाची लबाडी असेलच असं नाही. चूक मापाची आहे. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना दोष देऊन काही होणार नाही.

उपाय स्वस्त आहे. शाळेत एक साधा वजनकाटा ठेवायचा. एकदा प्रत्येक भाजी चिरून, तोलून, त्याच शाळेच्या वाटीने मोजायची आणि तक्ता भिंतीवर लावायचा. वजन कच्च्या, निवडलेल्या भाजीचं धरायचं, जुडीचं नाही. देठं आणि माती पोरं खात नाहीत.

जुन्या लोकांना कैली आणि वजनी यातला फरक पक्का ठाऊक होता. आपण किलो आणला आणि तो फरक विसरलो.

शाळा व्यवस्थापन समितीत जे पालक आहेत त्यांनी पुढच्या बैठकीत एवढंच विचारा : आपल्या शाळेत भाजी तोलतात की मोजतात?

आणि हो, तुमच्या घरी जुनं मापटं किंवा चिपटं असेल तर त्याचा फोटो नक्की टाका.