भिलाईचा ग्राहक आणि कोंबडीचे जगणे

कोंबडीपालनाकडे भिलाईचा ग्राहक कोणत्या नजरेने पाहत आला, याचा शोध पोलाद कारखान्यापासून नव्हे, तर छत्तीसगडच्या धर्मपरंपरांपासून सुरू करावा लागतो. १७५६ साली गिरौदपुरी येथे जन्मलेल्या गुरू घासीदासांनी सतनामी पंथाला मांसाहार वर्ज्य ठरवला आणि त्याचबरोबर गाय नांगराला जुंपू नये, दुपारनंतर नांगर धरू नये, असाही दंडक घातला. पशुकल्याण, म्हणजे प्राणी मारला जातो की नाही याहून तो जिवंतपणी कसा राहतो याचा विचार, आज ज्या अर्थाने केला जातो त्याच्या हा दुसरा दंडक बराच जवळ जातो. कोंबडीच्या वाट्याला मात्र तो आला नाही, कारण न खाणाऱ्याच्या लेखी तिचा प्रश्न निषेधापाशीच संपत होता आणि खाणाऱ्याच्या लेखी ती अंगणात, उकिरड्यावर स्वतःचे पोट भरणारी असल्याने तसा प्रश्नच नव्हता.

१९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानंतर भिलाईत उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली आणि बंगाल, आंध्र, केरळ, ओडिशा, महाराष्ट्र, पंजाब अशा प्रांतांतून आलेल्या, महिन्याचा पगार हाती असलेल्या कुटुंबांची वसाहत वाढत गेली. अशा वसाहतीची मांसाची रोजची गरज गावरान कोंबडी पुरवू शकणारी नव्हती. ती गरज पुढे ब्रॉयलरने, म्हणजे मांसासाठीच पैदा केलेल्या आणि पाच-सहा आठवड्यांत सुमारे दोन किलो भरणाऱ्या पक्ष्याने भागवली. शेजारच्या राजनांदगावात १९८० च्या दशकात सुरू झालेला इंडियन ब्रॉयलर समूह या धंद्यातील देशातल्या मोठ्या नावांपैकी एक ठरला. करार पद्धतीत कंपनी एक दिवसाची पिल्ले, खाद्य व औषधे देते, तर शेतकरी शेड, वीज आणि मेहनत पुरवून वजनावर मोबदला घेतो. भातगिरण्यांच्या या मुलखात तुसाला तोटा नसल्याने पक्ष्यांच्या पायाखालची गादी त्याचीच असते.

शेड गावाबाहेर गेली आणि ग्राहकाच्या दृष्टीस उरले ते केवळ दुकान. भिलाईतल्या सुपेल्याच्या बाजारात काय किंवा अन्य कोठे काय, ग्राहक जाळीतला पक्षी निवडतो, पाय धरून उलटा लटकवलेल्या त्या पक्ष्याचे जिवंत वजन पाहतो आणि डोळ्यांदेखत कापून घेतो. बर्फातले पाकीटबंद मांस त्याला शिळे वाटते. त्याची चौकसपणाची सवय अशी ताजेपणाला बांधलेली आहे आणि देशी कोंबडीला तो जादा दाम देतो तोही चवीसाठी, तिच्या मोकळ्या वावरासाठी नव्हे.

शेडकडे त्याचे लक्ष वळले ते आजाराच्या भीतीने. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा मांसाची मागणी देशभर कोसळली. जानेवारी २०२१ मध्ये तोच रोग पूर्वी दुर्ग जिल्ह्याचाच भाग असलेल्या बालोदमध्ये पोहोचला. दोन्ही वेळी विचारले गेले ते एवढेच की, खाणे सुरक्षित आहे काय. २०१९ साली मध्यान्ह भोजनात अंडे देण्याच्या राज्य सरकारच्या निर्णयाला कबीरपंथीयांनी विरोध केला, तेव्हाही वाद अंडे खावे की नाही यावर झाला, ते घालणाऱ्या कोंबडीच्या पिंजऱ्यावर नाही.

पिंजऱ्याचा विचार ग्राहकाऐवजी कायद्याने केला. कोंडलेल्या प्राण्याला हालचालीपुरती जागा हवी, हे तत्त्व १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमात होतेच. विधी आयोगाने जुलै २०१७ च्या २६९ व्या अहवालात अंडी देणाऱ्या आणि मांसल अशा दोन्ही कोंबड्यांसाठी नियमांचे मसुदे सुचवले. २०२३ मध्ये प्रत्यक्षात आलेल्या केंद्रीय नियमांनी पिंजऱ्यातील प्रत्येक कोंबडीला किमान ५५० चौरस सेंटिमीटर, म्हणजे वहीच्या मोठ्या पानाहूनही कमी, जागा ठरवून दिली. पण हे नियम अंडी देणाऱ्या कोंबड्यांपुरते आहेत आणि भिलाईच्या दुकानांत रोज तोलली जाणारी मांसल कोंबडी त्यांच्या कक्षेत येत नाही.