लाल स्प्रूस आणि कॅसची कुळकथा

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, ग्रीनब्रायर नदीच्या काठी कॅस नावाचं लहानसं गाव आहे. १९०१ साली ते कागद तयार करणाऱ्या एका कंपनीनं वसवलं. पण त्याची कुळकथा सुरू होते त्याआधी पंचवीसेक वर्षं, दूरच्या मिशिगन राज्यात.

तिथं एफ्राइम शे हा गृहस्थ लाकडाचा धंदा करत होता. तोडलेले ओंडके हिवाळ्यात बर्फावरून ओढून नेण्याची तेव्हाची रीत होती. बर्फ कमी पडलं की काम अडायचं. शेनं लाकडी रूळ टाकले आणि गाड्यांना घोडे जुंपले. पण उतारावर भरलेली गाडी घोड्यांच्या अंगावर यायची, आणि नेहमीचं जड इंजिन चालवावं तर रूळ टिकायचे नाहीत. मग त्यानं स्वतःच इंजिन तयार केलं. १८८१ मध्ये त्याला त्याचं पेटंट मिळालं आणि ओहायोतल्या लायमा इथल्या कारखान्यात ही इंजिनं तयार होऊ लागली.

शे इंजिनाची रचना वेगळीच आहे. सिलिंडर उभे आणि उजव्या अंगाला. तोल राखण्यासाठी बॉयलर डावीकडे सरकवलेला. सिलिंडरांच्या जोरानं इंजिनाच्या लांबीभर एक दांडा फिरतो आणि दातेरी चाकांमधून प्रत्येक आसाला गती देतो. सगळीच चाकं ओढत असल्यानं वेग थोडा, पण ओढ जबर. वाकड्यातिकड्या, घाईनं टाकलेल्या रुळांवरही ते चालतं. १९४५ पर्यंत अशी सुमारे २,७७० इंजिनं तयार झाली. ज्या डोंगरउतारांवरून ओंडका खाली आणणं परवडत नव्हतं, तिथं कुऱ्हाड पोचली ती या इंजिनामुळे.

कॅसच्या वरचे असेच डोंगर लाल स्प्रूसनं भरलेले होते. थंड, ओल्या उंचीवर वाढणाऱ्या या झाडाचा धागा लांब, म्हणून कागदाच्या लगद्याला उत्तम. वेस्ट व्हर्जिनिया पल्प अँड पेपर कंपनीला व्हर्जिनियातल्या कव्हिंग्टनच्या कागद गिरणीसाठी तेच हवं होतं. चेसापीक अँड ओहायो रेल्वेचा फाटा १९०० च्या अखेरीस ग्रीनब्रायर खोऱ्यात इथवर आला आणि कंपनीनं गाव उभं केलं. पांढऱ्या रंगाची एकसारखी घरं, मोठं दुकान आणि १९०२ पासून लाकूड कापायची गिरणी. गावाचं नाव जोसेफ कॅस या कंपनीच्या अधिकाऱ्यावरून पडलं.

गावातून डोंगरावर चढणाऱ्या रुळांना काही ठिकाणी साधारण ९ फुटांना १ फूट चढ होता. आपल्या बोरघाटातला कमाल चढ ३७ फुटांना १ फूट आहे, यावरून कल्पना यावी. वाटेत गाडी एका टोकाला न्यायची, सांधा बदलायचा आणि उलट्या दिशेनं पुढचा चढ घ्यायचा; खंडाळ्याजवळच्या जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनातही हीच युक्ती होती. वर जंगलात लाकूडतोड्यांचे तळ असत. एक उतार रिकामा झाला की तिथले रूळ उचलून पुढच्या उतारावर टाकत.

डोंगरापलीकडे, सुमारे ३,८५० फुटांवर, कंपनीनं स्प्रूस नावाचं आणखी एक गाव वसवलं. तिथल्या गिरणीत लगद्याच्या लाकडाची साल काढली जाई. स्प्रूसला घरं होती, शाळा होती, हॉटेल होतं. पण रस्ता नव्हता. येणंजाणं फक्त रेल्वेनं.

हे सगळं अफाट कष्टांवर उभं होतं. मैलोन्‌मैल रूळ हातांनी टाकणारे, त्यांत युरोपातून नुकते आलेलेही, आणि हिमवर्षावात दिवस दिवस करवत ओढणारे लाकूडतोडे यांचा या कुळकथेत मानाचा वाटा आहे.

पण कॅस गावाच्या रचनेतच त्याचा शेवट होता. घर, दुकान, रोजगार सगळं एकाच मालकाचं आणि एकाच झाडावर अवलंबून. शे इंजिन जितक्या झपाट्यानं लाकूड खाली आणत होतं, तितक्या झपाट्यानं स्प्रूस वाढत नव्हता. तोडीनंतर पडलेल्या फांद्यांना वणवे लागले, त्यांत कित्येक ठिकाणी मातीचा सेंद्रिय थरही जळाला. १९२५ मध्ये स्प्रूस गावातली गिरणी बंद पडली आणि ते गाव हळूहळू ओसाड झालं. १९४२ मध्ये कॅसचा कारभार मोवर लंबर कंपनीनं विकत घेतला आणि पुन्हा वाढलेल्या जंगलावर आणखी काही वर्षं काढली. १ जुलै १९६० रोजी गिरणी थांबली.

रूळ उखडायला सुरुवातही झाली होती. तेव्हा रसेल बॉम या पेनसिल्वेनियातल्या रेल्वेप्रेमीनं आणि स्थानिक लोकांनी सरकारकडे धाव घेतली. राज्यानं १९६१ मध्ये रेल्वे विकत घेतली आणि १९६३ पासून त्याच रुळांवर पर्यटकांची गाडी धावू लागली. १९७७ मध्ये गावही राज्याकडे आलं. गिरणी १९८२ च्या आगीत गेली, पण १९०५ साली बांधलेलं पाच नंबरचं शे इंजिन याच डोंगरावर आजच्या काळापर्यंत चालत आलं. स्प्रूस गावाला मात्र कुणी वाली मिळाला नाही.

जंगलाचं काय? जवळच्या शेव्हर्स डोंगरावर गॉडिनीर नावाचा लहानसा पट्टा कुऱ्हाडीतून सुटला. जुन्या मोजणीत होकायंत्राच्या उत्तरेतला फरक धरायचा राहिला आणि ती चिंचोळी जमीन त्या मोजणीतून निसटली. मूळचा लाल स्प्रूस कसा होता, हे आज तिथं पाहता येतं. 

मोवर कंपनीचं नाव असलेल्या चीट माउंटनवरच्या जमिनीवर पुढं कोळशासाठीही खोदकाम झालं. ती जमीन आता राष्ट्रीय वनाचा भाग आहे आणि दाबलेली माती फोडून तिथं पुन्हा लाल स्प्रूसची रोपं लावली जात आहेत. रेल्वे वाचवायला तीन वर्षं पुरली. जंगल परत यायला पिढ्या लागतील. म्हणून कॅसला जाणाऱ्यानं इंजिनाला जरूर दाद द्यावी, पण या कुळाचा मूळपुरुष लाल स्प्रूस आहे हे विसरू नये. त्याचं ऋण फिटायचं आहे, आणि ते फेडायला लोक कामाला लागले आहेत, हीच या कुळकथेतली सर्वांत आश्वासक गोष्ट आहे.